पद्मिनी, आठशे आणि पन्नास वर्षांची अट

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची असल्यामुळे तिचा शेवटचा दिवस आधीच ठरून गेला होता. बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बस जेमतेम दीड महिन्यापूर्वी बंद झाली होती, त्यामुळे त्या दिवसांत शहर काहीसे हळवे झालेले होते. वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने दिली, लोकांनी टॅक्सीबरोबर फोटो काढून घेतले, आणि एखादी तरी पद्मिनी संग्रहालयात जपून ठेवावी अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली. मागणी रास्तच होती.

त्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधी, जानेवारी २०१४ मध्ये, मारुती ८०० चे उत्पादन थांबले. त्याचीही बातमी झाली आणि अनेकांनी आपापल्या पहिल्या गाडीची आठवण काढली. परंतु रस्त्यावरच्या आठशेंपैकी काही जपून ठेवाव्यात, त्यासाठी सरकारने काही करावे, असे कोणी म्हटल्याचे मला तरी आठवत नाही. आजही जुन्या गाड्यांचा विषय निघाला की पद्मिनीला ‘क्लासिक’ म्हणायला कोणाची हरकत नसते, आणि आठशेचे नाव काढले की समोरचा हसतो. पत्र्याचा डबा, काडेपेटी ही तिची टोपणनावे सर्वांना पाठ आहेत.

दोन निरोपांमधला हा फरक मला खटकतो. माझे म्हणणे असे आहे की पद्मिनीवरचे आपले प्रेम तिच्या रूपावरचे आहे, आठशेला आपण तिच्या सामान्यपणाची शिक्षा देतो, आणि जुन्या वाहनांविषयीचा आपला कायदाही याच वृत्तीने लिहिला गेला आहे. जी गाडी फारशी वापरलीच गेली नाही तिला तो मान देतो आणि जी झिजेपर्यंत वापरली गेली तिला भंगाराकडे ढकलतो. हे पटण्यासाठी दोन्ही गाड्यांकडे जरा जवळून पाहावे लागेल.

आधी बॉनेट उघडू. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ते पुढे बसवलेले असे आणि त्याची ताकद एका लांब शाफ्टमधून मागच्या चाकांपर्यंत जात असे. मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याला पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न पडे तो त्या शाफ्टवरच्या उंचवट्यामुळेच. आठशेचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, आडवे बसवलेले, आणि त्याची ताकद शेजारच्याच पुढच्या चाकांना मिळे. गंमत अशी की अश्वशक्ती दोघींचीही चाळीसच्या आसपास. पद्मिनीचे वजन मात्र नऊशे किलोच्या घरात आणि आठशेचे साडेसहाशेच्या. म्हणजे तेवढेच चाळीस घोडे एका गाडीत गव्हाची पाच पोती जास्तीची ओढत होते. पेट्रोल कोण कमी पिणार, चौकातून आधी कोण निघणार आणि घाटात कोण तापणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या वजनातच दडलेली होती.

यात इटालियन अभियंत्यांचा काही दोष नव्हता. फियाटची ११०० ही गाडी नव्या रूपात १९५३ मध्ये आली, आणि तिचे ‘डी’ हे रूप, ज्यावरून आपली पद्मिनी घडली, ते १९६२ चे. त्या काळात ती मध्यमवर्गासाठी बनवलेली एक नेटकी, आटोपशीर गाडी होती. इटलीत तिचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले आणि तिची जागा १२८ या गाडीने घेतली, जिचे इंजिन आडवे होते आणि पुढचीच चाके गाडी ओढत होती. आपल्या आठशेने १९८३ मध्ये जी रचना भारतीय घरांत आणली, ती फियाटने आपल्या देशात ११०० च्या जागी चौदा वर्षे आधीच आणून ठेवली होती. मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात मात्र ११०० पुढे सुमारे तीन दशके तयार होत राहिली. पद्मिनी हे नावही मुळातले नाही. इटलीत ती बंद पडल्यावर काही वर्षांनी आधी तिला प्रीमियर प्रेसिडेंट म्हणण्यात आले आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव देण्यात आले. मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले, हा भाग वेगळा.

ती इतकी वर्षे थिजून का राहिली, हा प्रश्न माझ्या मते तिच्या रूपापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ ची, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची. भारतात मोटार बनवण्यासाठी ते त्याआधी काही वर्षे धडपडत होते आणि ब्रिटिश सरकार दाद देत नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, आणि फियाट आली पन्नाशीच्या दशकात. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने असे धोरण घेतले की सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांनी इथे राहू नये; ज्यांना गाडी खरोखर बनवायची आहे त्यांनीच राहावे. १९२८ पासून शिवडीला जुळणी करणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. स्वतंत्र झालेल्या देशाने पोलाद, यंत्रे आणि गाड्या स्वतः बनवायला शिकावे, हा आग्रह त्या काळात योग्यच होता.

पुढे जे घडले ते मात्र निराळे. परदेशी स्पर्धक बाहेर, आयात जवळजवळ बंद, किती गाड्या बनवायच्या तो आकडा परवान्यात, आणि किंमतही सरकार ठरवणार. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या विक्रीच्या किमती बांधून दिल्या आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा मोटारगाडीची वाजवी किंमत किती या प्रश्नाचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला करावा लागला. जास्त गाड्या बनवायची परवानगी नाही आणि चांगली गाडी बनवली तरी जास्त किंमत घेता येणार नाही, अशा स्थितीत कोणता कारखानदार नव्या साच्यांवर पैसा घालेल? ग्राहकाचेही त्यावाचून अडत नव्हते, कारण त्याला निवडच नव्हती. तो अनामत रक्कम भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत असे, आणि नंबर लागून मिळालेली गाडी दाराशी येताच छापील किमतीहून जास्त दराने विकली जाऊ शकत असे. नवी वस्तू जुनी झाल्यावर महाग होणे, हे त्या व्यवस्थेचे सगळ्यात बोलके लक्षण होते. पद्मिनीची ती गोल दिव्यांची, हसऱ्या जाळीची चेहरेपट्टी आज आपल्याला ‘काळावर मात करणारी’ वाटते. काळाला तिच्यापर्यंत पोहोचूच दिले गेले नव्हते, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

मग पद्मिनीत जपण्यासारखे आहे तरी काय? माझ्या मते पुष्कळ आहे, पण ते कुर्ल्याच्या कारखान्याबाहेर घडले. ज्या गाडीचा आराखडा बदलत नाही तिची दुरुस्ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकते, आणि मुंबईत नेमके तेच झाले. कोलकात्याने ॲम्बेसेडर टॅक्सी म्हणून स्वीकारली, कारण ती शेजारी उत्तरपाड्याला बनत होती. मुंबईने फियाट स्वीकारली, कारण ती कुर्ल्याला बनत होती आणि गल्लीबोळांत सहज वळत होती. नव्वदच्या दशकात शहरात साठ हजारांच्या वर काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य फियाट होत्या. त्यांच्याभोवती एक संपूर्ण कारागिरी उभी राहिली. मिस्त्री चालत्या गाडीचा आवाज ऐकून कोणता टॅपेट (इंजिनाच्या झडपा हलवणारा भाग) सैल आहे ते सांगत. कंपनीचा भाग मिळाला नाही तर लेथवर तो कातून घेतला जाई. उत्तरेतून आलेले चालक, डोंगरीतले आणि भायखळ्यातले मिस्त्री, सीटचे रेक्झिन शिवणारे, छताला नक्षीचा कपडा लावणारे, बाहेर डाव्या बाजूला बसवलेल्या मीटरची घड्याळजींच्या निगुतीने जुळणी करणारे, या सगळ्यांनी मिळून ती गाडी जिवंत ठेवली. पुढे इंधन बदलले, तर त्याच गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवून तिला आणखी काही वर्षे पळवले.

बोरघाटात उन्हाळ्याच्या दिवसांत खंडाळ्याच्या अलीकडे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. रेडिएटरवर ओले फडके टाकायचे, वाफ ओसरू द्यायची, मग झाकण फिरवून हळूहळू पाणी सोडायचे, तोवर घरातल्या मोठ्यांनी डब्यातली पुरी-भाजी काढायची. चालकाशेजारी दोघे आणि मागे चौघे बसलेले असत, कारण पुढची सीट सलग होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर होता, त्यामुळे मध्ये बसलेल्या मुलाच्या गुडघ्यांना काही अडचण होत नसे. पुढच्या दाराच्या काचेला एक तिकोनी झडप असे. ती फिरवली की वारा नेमका तोंडावर येई. आजच्या गाड्यांत ती झडप का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आता आठशेकडे येऊ. संजय गांधींच्या १९७१ च्या मूळ मारुती कंपनीची कथा काही अभिमानाने सांगण्यासारखी नाही. ती कंपनी बुडाली, १९८० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाला इंदिरा गांधींच्या हस्ते किल्ली मिळाली. किंमत होती सुमारे ४७,५०० रुपये. १०,००० रुपये अनामत भरून एक लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले होते, आणि त्या काळात सगळ्या भारतीय कंपन्या मिळून वर्षाला पन्नास हजारही मोटारगाड्या बनवत नव्हत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. लोकांना गाडी नको होती म्हणून गाड्या कमी बनत होत्या, हा समज त्या एका नोंदवहीने खोटा ठरवला.

आठशेवर त्या वेळी जी टीका झाली ती दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. ज्या देशात बस मिळत नाही तिथे सरकारने खासगी मोटारगाडी का बनवावी? जपानहून भाग आणून जुळणी करायची, तर जनरल मोटर्सला का घालवले? आणि जुन्या कंपन्यांचे हात इतकी वर्षे बांधून ठेवून सरकारी कंपनीला तेवढ्या सवलती देणे हा न्याय आहे का? या तिसऱ्या प्रश्नाला मला आजही उत्तर सापडत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या कामगाराने हा प्रश्न विचारला असता तर त्याला काय सांगायचे? इंधन कमी लागणाऱ्या गाड्यांना शुल्कात सूट, मोठ्या उत्पादनाची मुभा आणि परदेशी भागीदार, हे सगळे जर १९८२ मध्ये देशहिताचे होते, तर दहा वर्षे आधी प्रीमियरला ते का मिळाले नाही? पद्मिनी हरली ती बरोबरीच्या शर्यतीत नव्हे, हे आठशेच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यानेही मान्य केले पाहिजे.

पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काळाने दिले. टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याची अट होती आणि १९८५ नंतर जपानी चलन येन महाग होत गेल्यामुळे तसे करणे कंपनीच्याही फायद्याचे ठरले. सीट, दिवे, काचा, स्टिअरिंग बनवणारे लहान कारखाने गुरगावच्या आसपास उभे राहिले आणि भाग वेळेवर व ठरलेल्या मापातच आला पाहिजे, ही शिस्त त्यांना लागली. आज पुणे-चाकण पट्ट्यात जो मोटारउद्योग आहे तो एकट्या मारुतीमुळे आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण सुट्या भागांच्या कारखानदारीची ती शिस्त या देशात मोठ्या प्रमाणावर प्रथम या गाडीच्या निमित्ताने रुजली, यात मला शंका वाटत नाही.

आणि मग घरे. आठशेचे दार लावले की ‘टण्’ असा हलका आवाज येई. पद्मिनीचे दार ‘धप्प’ म्हणून बसे. या दोन आवाजांवरून गाड्यांची लायकी ठरवणारे अनेक काका मी पाहिले आहेत. त्यांच्याच घरातल्या बायका गाडी चालवायला शिकल्या त्या मात्र ‘टण्’ वाजणाऱ्या गाडीवर. पद्मिनीचे स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवायला दंडात ताकद लागे, क्लच जड, गिअर कुठे पडला याचा अंदाज सवयीनेच यायचा. आठशे हलकी होती, तिचा गिअर खाली हाताशी होता, बॉनेट आखूड असल्यामुळे पुढची गाडी किती अंतरावर आहे ते दिसत होते. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी जुन्या फियाट काढून आठशे घेतल्या आणि शेजारी बसणाऱ्या मास्तरांसाठी ब्रेकचे दुसरे पेडल बसवले. ज्या घरात चालक ठेवणे परवडत नव्हते आणि पुरुष दिवसभर कामावर असे, त्या घरातली बाई मुलांना शाळेत सोडायला, सासूला डॉक्टरकडे न्यायला स्वतः निघू लागली. सामाजिक इतिहास म्हणतात तो हाच असेल, तर तो साठवून ठेवण्याजोगा आहे.

एक गोष्ट मात्र आठशेच्या चाहत्यांनी नजरेआड करू नये. १९८३ ची मूळ आठशे १९८६ मध्ये बदलली. जपानमधल्या नव्या अल्टोवर बेतलेले ते दुसरे रूप आले आणि ते बारीकसारीक फेरफार करत २०१४ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, तसेच राहिले. म्हणजे आठशेही थिजलीच! परवान्याने नव्हे, तर सर्वांत स्वस्त गाडी हवी असणाऱ्या ग्राहकाने तिला थिजवले. एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत प्रदूषणाचे भारत स्टेज चार हे निकष लागू झाले, तेव्हा आठशे त्या निकषांत बसवण्याचा खर्च कंपनीने केला नाही आणि तिथली विक्री बंद केली. त्या तेरा शहरांत मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होते. वालचंदांच्या गावात आठशेची विक्री गुजरातेतल्या आणि विदर्भातल्या अनेक शहरांच्या आधी थांबावी, हा योगायोग मला उगीच लक्षात राहिला आहे.

या दोन गाड्यांचे आता काय करायचे, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, चॅसी (गाडीचा खालचा मुख्य ढाचा), सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन त्यात बसते. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. असे वाहन रोजच्या वापरात किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. जुन्या गाड्यांना कायद्याने ओळख मिळाली हे चांगलेच झाले, आणि यापूर्वी ती नव्हती हे आश्चर्यच म्हणायचे.

परंतु नियमाच्या दोन अटी एकत्र वाचून पाहा. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षे आणि ‘व्हिंटेज’ची अट पन्नास वर्षे. मधली तीस वर्षे त्या गाडीने उभे कुठे राहायचे? नोंदणी बदलून ती खासगी करता येते, पण मग ती टॅक्सी उरत नाही. शिवाय मुंबईत वाहन उभे करण्याच्या जागेचा भाव पाहता तीस वर्षे न चालणारी गाडी ठेवणे टॅक्सीवाल्याला शक्य नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. दुसरी अट अधिक बोचणारी आहे. आपल्याकडची सामान्य माणसाची गाडी टिकली ती फेरबदल करूनच. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, इंजिन दुसऱ्या गाडीचे बसवले, म्हणून ती चालली. नियम मात्र अशा दुरुस्तीला अपात्रता मानतो. संस्थानिकांच्या गॅरेजमधली, वर्षातून दोनदा कापडाने पुसली जाणारी रोल्स-रॉइस या चाळणीतून सहज पार होते, आणि वीस वर्षांत लाखो लोकांना बोरीबंदर ते कुलाबा वाहून नेणारी टॅक्सी अडकते. आपण जपत आहोत तो प्रवासाचा इतिहास की मालकीचा?

पहिली आठशे पन्नाशी गाठेल ती २०३३ मध्ये. कंपनीने स्वतःची पहिली गाडी परत मिळवून, दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली आहे, ती टिकेल. बाकीच्या, देशात विकल्या गेलेल्या पंचवीस लाखांहून अधिक आठशेंपैकी किती उरतील? माझ्या वडिलांची १९९३ ची पांढरी आठशे हेच मी उदाहरण देतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि तिच्याबरोबर पर्यावरण कर, हे त्यांनी तीनदा केले. २०२२ मध्ये पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले. २०२३ मध्ये एका परिवहन कार्यालयात आम्ही गाडी तपासणीला नेली, तेव्हा चॅसीवरचा नंबर गंजामुळे नीट वाचता येत नाही म्हणून आम्हाला दोनदा परत पाठवले. तिसऱ्या खेपेला मिस्त्रीने पॉलिश पेपर आणि डिझेलचे फडके घेऊन तो नंबर अक्षर-अक्षर उजळवला. तोवर भंगारवाल्याने गाडीचे एकोणीस हजार सांगितले होते आणि पुनर्नोंदणी, कर, टायर व रंग मिळून खर्च त्याच्या दुप्पट होत होता. वडील काही बोलले नाहीत. बहुतेक आठशे अशाच घरातून जातात. त्यांना कोणी टाकून देत नाही, त्या हिशेबात बसत नाहीत.

याला येणारा आक्षेप उघड आहे आणि तो गंभीर आहे. जुन्या गाड्या प्रदूषण करतात. १९९५ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, पद्मिनीला शेवटपर्यंत पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर होता, अपघातात माणूस वाचवण्याच्या दृष्टीने दोन्ही गाड्या आजच्या कोणत्याही गाडीपुढे टिकत नाहीत. पद्मिनीचा पत्रा जाड म्हणून ती सुरक्षित, हा समज तर घातकच आहे. धडकेचा जोर स्वतः चिरडून घेणारी गाडी माणसाला वाचवते, न चिरडणारी गाडी तो जोर माणसापर्यंत पोहोचवते. दिल्लीची हवा पाहिली की जुन्या गाड्यांविषयीच्या हळवेपणाची लाजही वाटते. म्हणून रोजच्या वापरातून जुन्या गाड्या जाव्यात, याला माझा विरोध नाही. पद्मिनी टॅक्सी बंद झाली ते योग्यच झाले.

पण रोजच्या वापरातून जाणे आणि जगातून नाहीसे होणे यांत फरक आहे, आणि तो फरक कायद्याने करायचा असतो. जुन्या वाहनांची फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना तीस वर्षे झालेल्या, नीट जपलेल्या आणि रोजच्या वाहतुकीत नसलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. जर्मनीत तीस वर्षांनंतर वेगळी नंबरपाटी मिळते, तर ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर वाहनकर माफ होतो. या देशांना प्रदूषणाची काळजी आपल्यापेक्षा कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणारी गाडी हवेचे जे नुकसान करते ते नगण्य आहे. त्यासाठी किलोमीटरची मर्यादा घाला, विमा सक्तीचा करा, ठरावीक दिवशीच रस्त्यावर येऊ द्या. वयाची अट मात्र तीस वर्षांवर आणा, आणि त्या काळात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने झालेली दुरुस्ती मूळ रूपातच धरा. तसे केले तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची आठशे आजच पात्र ठरते, आणि तिचा मालक भंगारवाल्याला फोन करण्याआधी निदान एकदा विचार करेल.

शुल्काचाही प्रश्न आहेच. ज्या गाडीची बाजारातली किंमत वीस हजार आहे तिच्यासाठी वीस हजारांचे नोंदणी शुल्क ठेवणे म्हणजे दाराशी पाटी लावणे की इथे मोठ्या गाड्यांनाच प्रवेश आहे.

राहिला संग्रहालयाचा मुद्दा. बेस्टने आणिक आगारात आपले संग्रहालय राखले आहे, कारण बस ही एका संस्थेची असते आणि संस्थेला आगार असते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला आगार नव्हते. ती हजारो वेगवेगळ्या माणसांची होती, आणि रात्री ती फुटपाथच्या कडेला उभी राहत असे. म्हणूनच तिच्यासाठी महापालिकेने किंवा राज्याने पुढे येण्याची गरज अधिक आहे. आणि काचेमागे चकचकीत पद्मिनी उभी करून भागणार नाही. तिच्याबरोबर मीटर, भाड्याचा तक्ता, डिकीतली टाकी, छताचा नक्षीचा कपडा हवा, आणि मुख्य म्हणजे ती चालू ठेवणाऱ्या मिस्त्रींचे ज्ञान नोंदलेले हवे. हे लोक आता साठी-सत्तरीत आहेत. शेजारी एक आठशे हवी, ड्रायव्हिंग स्कूलची, मास्तरांच्या पेडलसकट, आणि तिच्या काचेवर तो लाल ‘एल’ असावा. दोघींपैकी एकीलाच जागा आहे असे कोणी म्हणाले, तर मी आठशेच्या बाजूने मत देईन. पद्मिनीचे चित्र शहराच्या भिंतींवर, टी-शर्टवर आणि सिनेमांत पुरेसे उमटले आहे, आठशेचे कोणी काढलेले नाही.

कुर्ल्याच्या पश्चिमेला जिथे पद्मिनी तयार होत असे, तो कारखाना आता नाही. तिथून फार दूर नसलेल्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्या तोडणाऱ्यांची दुकाने आहेत, आणि वडिलांच्या आठशेसाठी कार्ब्युरेटर शोधायला मी शेवटचा तिथे गेलो होतो. दुकानदाराने पोटमाळ्यावरून पत्र्याचा एक डबा खाली आणला. त्यात आठशेचे चार कार्ब्युरेटर होते, आणि त्यांच्या खाली, तेलाने काळ्या झालेल्या फडक्यात गुंडाळलेली, फियाटच्या दाराची ती तिकोनी काच. “ही कशाला ठेवलीत?” असे मी विचारले. “कोणी मागायला आलं तर,” तो म्हणाला, आणि काच पुन्हा फडक्यात गुंडाळून त्याने ती डब्यात ठेवली.